जीटीए ६ ची वाट बघताना मराठवाड्यातून येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

आमची पाच जणांची टोळी. परभणीच्या एका नेट कॅफेत वीस रुपये तासानं वाइस सिटी खेळत मोठी झाली. जीटीए म्हणजे 'ग्रँड थेफ्ट ऑटो' ही गाड्या पळवण्याच्या, गुन्हेगारीच्या व्हिडिओ गेमची मालिका, वाइस सिटी हा तिचा जुना भाग. आता एक जण जालन्यात, एक नांदेडला, तिघं इथंच. नव्या जीटीएबद्दल काही अडलं की भाचे, त्यांचे मित्र, कधी त्यांचे वडीलसुद्धा मलाच फोन नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप करतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिलं. एका उत्तरातलं दुसऱ्यात पुन्हा सांगितलेलं नाही, त्या प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. दादा, गेम नक्की कधी यायलाय?

१९ नोव्हेंबर २०२६, गुरुवार. गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं ही तारीख ६ नोव्हेंबर २०२५ ला जाहीर केली. यंदाची लक्ष्मीपूजा ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे भाऊबीज उरकून आठवडा झाला की गेम. शेतात तेव्हा कापसाची वेचणी चालू असेल, हेही घरच्यांनी लक्षात ठेवायला सांगितलंय.

यूट्यूबवर दर दोन दिवसांनी कुणीतरी नवी तारीख सांगतं. रॉकस्टारच्या स्वतःच्या पानावर तारीख बदलली तरच ती बदलली असं धरायचं.

२. दोनदा पुढं ढकलला. खरंच येणार का असंच झुलवायलेत?

येणार. पहिल्या ट्रेलरच्या शेवटी नुसतं '२०२५' होतं. मग २ मे २०२५ ला त्यांनी २६ मे २०२६ सांगितलं, आणि तिथून आताची तारीख. आम्हालाही वाईट वाटलं, मेच्या सुट्ट्यांचा सगळा बेत ठरला होता.

पण या कंपनीचा इतिहास बघा. जीटीए ४ ऑक्टोबर २००७ मध्ये यायचा होता, तो २९ एप्रिल २००८ ला आला. जीटीए ५ आधी २०१३ च्या वसंतात येणार होता, आला १७ सप्टेंबर २०१३ ला. रेड डेड रिडेम्पशन २ तर २०१७ वरून सरकत सरकत २६ ऑक्टोबर २०१८ पर्यंत गेला. तिन्ही उशिरा आले, तिन्ही लोकांनी डोक्यावर घेतले. जीटीए ५ च्या वीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्यात. उशीर झाला म्हणून गेम बिघडला असं या घरात झालेलं नाही. घाईनं बाहेर काढलेला गेम मात्र पहिल्याच आठवड्यात बदनाम होतो, आणि ते नाव मग धुऊन निघत नाही. कच्चा गेम नोव्हेंबरात मिळण्यापेक्षा मला आणखी वाट बघायला चालेल.

३. माझ्याकडं पीएस४ आहे. त्याच्यावर चालंल का?

नाही. जाहीर झालेले कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायची यंत्रं, तीनच: पीएस५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एक्सबॉक्स सिरीज एस. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन त्या यादीत नाहीत. जुना पीएस४ विकून पैसे जमवायचे असतील तर आत्ताच विका, नोव्हेंबर जवळ येईल तसा त्याचा भाव पडत जाईल असं मला वाटतं.

४. पीसीवर कधी? मी ग्राफिक कार्ड घेऊन ठेवू का?

घेऊन ठेवू नका. वरच्या यादीत पीसीचं नाव नाही. जुना हिशेब असा: वाइस सिटी ऑक्टोबर २००२ मध्ये पीएस२ वर आला आणि मे २००३ मध्ये पीसीवर. जीटीए ४ ला सात महिने लागले. जीटीए ५ ला तब्बल एकोणीस, तो पीसीवर आला १४ एप्रिल २०१५ ला. रेड डेड २ ला वर्ष आणि वर दहा दिवस. पीसीवाल्याला थांबावं लागलं नाही असं या मोठ्या गेममध्ये एकदाही झालेलं नाही. आज घेतलेलं कार्ड तोपर्यंत जुनं होतं, आणि तेच कार्ड स्वस्तही होतं. पैसे बँकेत राहू द्या.

५. जीटीए ६ चं एपीके आलंय म्हणायलेत. लिंक पण आहे. टाकू का?

टाकू नका. एपीके म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप टाकायची फाइल. फोनसाठी जीटीए ६ नाही, त्यामुळे त्या नावाचं प्रत्येक एपीके खोटं आहे. जाहिराती दाखवणारं असलं तर नशीब. वाईट असलं तर ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, ओटीपी उचलतं आणि खातं रिकामं करतं. गावाकडं फोन एकच असतो, त्यातच वडिलांचं पीक विम्याचं आणि कर्जाचं खातं जोडलेलं असतं. लेकरानं गेमसाठी दाबलेलं बटण घरादाराला पडतं.

तसंच 'बीटा टेस्टर व्हा, ४९९ भरा' आणि 'आधी बुकिंग, निम्म्या भावात' हे मेसेज. डाउनलोडची खरी खरेदी प्लेस्टेशन स्टोअर आणि एक्सबॉक्स स्टोअरमध्ये होते. डिस्क घ्यायची तर ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर. किंमतसुद्धा तिथं दिसेल तीच खरी.

पैसे गेलेच तर लाजू नका. लगेच १९३० ला फोन लावा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, आणि जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

फोनवर अधिकृतपणे आले ते जुने भाग: वाइस सिटी २०१२ मध्ये, सॅन अँड्रियास २०१३ मध्ये.

६. हे आपलंच वाइस सिटी आहे ना? कथा काय आहे?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं.

शहर तेच, मायामीवरून बेतलेलं. पण आपण खेळलो ते १९८६ सालातलं होतं आणि हे आजच्या काळातलं आहे, हातात मोबाइल आणि सगळे व्हिडिओ काढतायत असं. या वेळी शहराबाहेरचं अख्खं राज्य आहे, लिओनिडा नावाचं, फ्लोरिडासारखं. दक्षिणेला बेटांची रांग, लिओनिडा कीज. ग्रासरिव्हर्स नावाचा दलदलीचा भाग, मगरी असलेला. पोर्ट गेलहॉर्न हे दिवस फिरलेलं किनाऱ्यावरचं गाव. वरच्या अंगाला माउंट कलागाचं जंगल. आणि अँब्रोसिया. या अँब्रोसियावर आमचा फार जीव जडलाय, कारण तिथं साखर कारखाना आहे. गावाला रोजगार कारखाना देतो आणि बाकीचं सगळं तिथली मोटरसायकलवाल्यांची टोळी बघते, असं रॉकस्टारनंच लिहिलंय. ज्यानं गाळपाच्या हंगामात मळीचा वास घेतलाय आणि कारखान्याच्या फाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं तासभर अडकून पडलाय, त्याला त्या गावात पहिल्यांदा गाडी घालताना काय वाटेल ते मी सांगायला नको.

नायक दोन आहेत. लुसिया कामिनोस: बापानं तिला चालता येऊ लागल्यापासून लढायला शिकवलं, आणि घरच्यांसाठी लढण्यातूनच ती तुरुंगात पोचली. जेसन डुव्हाल: लबाडांच्या संगतीत वाढलेला, मधे सैन्यात जाऊन आलेला, आता कीजमध्ये अमली पदार्थांची ने-आण करणाऱ्यांसाठी काम करतो. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे. एक सोपी वाटणारी चोरी फसते आणि दोघं मोठ्या कटात ओढले जातात. जीटीए ३ पासूनच्या मोठ्या भागांत बाईमाणूस मुख्य भूमिकेत पहिल्यांदाच आहे. माझी भाची याच कारणानं हा गेम बघायला बसणार आहे, आधी तिला यात काडीचा रस नव्हता.

पहिला ट्रेलर आमच्या आठवणीत पक्का आहे. ५ डिसेंबर २०२३ ला आपल्याकडं संध्याकाळी साडेसातला येणार होता. नांदेडवाला मित्र त्यासाठी परभणीला यायचा होता. पण ट्रेलर आधीच फुटला, म्हणून रॉकस्टारनं तो पहाटेच सोडून दिला. पाच फोन पाच घरांत अंधारात उजळले. दुसरा ट्रेलर ६ मे २०२५ ला आला. तो पीएस५ वरूनच टिपलेला आहे आणि त्यात निम्मा भाग खेळाचा, निम्मा कथेच्या प्रसंगांचा, असं त्यांनी सांगितलं.

७. मग टॉमी भेटेल का?

टॉमी म्हणजे जुन्या वाइस सिटीचा नायक. तो भेटेल असं धरून चालू नका. जीटीए ४ पासून रॉकस्टारनं कथेचं जग नव्यानं मांडलं. शहरांची नावं, गाड्यांचे ब्रँड तेच राहिले, माणसं मात्र त्या जुन्या जगातच राहिली. त्यात टॉमी व्हर्सेटीला आवाज देणारे रे लिओटा मे २०२२ मध्ये गेले. भिंतीवर एखादी खूण दिसली तरी मला पुरे.

८. आधीचे भाग खेळलेच नाहीत. नवा कळेल का?

कळेल. प्रत्येक मोठ्या भागाची कथा स्वतंत्र असते. तरी वेळ असेल तर प्रश्न १६ बघा.

९. इंग्रजी जमत नाही. मराठी नाहीतर हिंदी असेल का?

जीटीए ५ मध्ये बोलणं फक्त इंग्रजीत होतं आणि खालच्या ओळींच्या भाषांमध्ये हिंदी-मराठी नव्हत्या. त्यामुळं इंग्रजीची तयारी ठेवा.

पण त्यानं घाबरू नका. आम्ही वाइस सिटी खेळलो तेव्हा पाचांत मिळून एक वाक्य धड समजत नव्हतं. नकाशावरचा गुलाबी ठिपका समजत होता, तेवढ्यावर निम्मा गेम पार केला. सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल चालू करा, अक्षरं मोठी करा, आणि ज्याचं इंग्रजी बरं आहे त्याला शेजारी बसवा. आमच्यातला जालन्याचा मित्र आज कंपनीत साहेबांशी इंग्रजीत बोलतो. सुरुवात त्याच पडद्यावरच्या ओळींनी झाली असं तो स्वतः सांगतो.

१०. पीएस५ घ्यावा का एक्सबॉक्स? स्वस्तातला कोणता?

सिरीज एस सगळ्यात स्वस्त पडतो. पण त्यात डिस्कची खाच नाही आणि साध्या मॉडेलची जागा ५१२ जीबी, त्यातली वापरायला साडेतीनशेच्या आसपास उरते. मोठे दोन-तीन गेम घातले की भरला. पुन्हा सगळे गेम डाउनलोडच करावे लागतात, ते गावाकडं किती जड आहे ते प्रश्न १२ मध्ये येईल.

आमचं ठरलंय पीएस५, डिस्कवाला. परभणी-नांदेडकडं मित्रांच्या घरात तोच जास्त आहे, त्यामुळं डिस्क देता-घेता येते आणि खेळून झाली की विकताही येते. भारतात तो २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ पासून ५४,९९० झाला. तेव्हापासून 'थांबलो तर स्वस्त होईल' हे गणित कन्सोलला लागू राहिलेलं नाही. जुना घ्यायचा असेल तर दुकानात समोर तासभर चालवून बघा. पंखा घुरघुरतो का, एचडीएमआयची (टीव्हीच्या वायरची) खाच सैल आहे का आणि डिस्क वाचतो का, एवढं तपासलं तरी बरंच कळतं.

११. एवढे पैसे आणायचे कुठून? हप्त्यावर घेऊ का? सोयाबीनचे पैसे येतील त्यातून?

सोयाबीनच्या पैशाला हात लावू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. त्या पैशाला दुकानदाराची उधारी, हरभऱ्याचं बियाणं, बहिणीची फी असे आधीच दहा धनी असतात. हप्त्यावर घेतलेल्या गेमचा हप्ता गेम संपला तरी संपत नाही.

आम्ही भिशी लावली. नंबर काढायची नाही, सगळा पैसा एका खात्यात. पाच जण, महिना हजार, वर्षाला साठ हजार. एकाला दोन महिने जमलं नाही, तर बाकीच्यांनी भरलं आणि त्यानं नंतर फेडलं. कुणालाही ओझं झालं नाही.

यामागं माझं एक कारण आहे. वाइस सिटी आम्ही कधीच विकत घेतला नव्हता. कॅफेत जो होता तो खेळलो, तो कुणी बनवला, त्याचे पैसे कुणाला जातात, हे डोक्यातही आलं नाही. ज्या गेमनं शाळेतली वर्षं उजळली, त्याच्या माणसांना आमच्याकडून एक रुपया गेला नाही. या वेळी पैसे देऊन, बिलावर आमचं नाव घालून घ्यायचाय.

१२. डिस्क घ्यावी का डाउनलोड? आमच्या गावात नेट रडतं.

नेट रडत असेल तर हा हिशेब करा. गेम समजा १५० जीबीचा धरला. ५० एमबीपीएसच्या फायबरवर सातेक तास. १० एमबीपीएसवर सलग तेहतीस तास, तेही मधे काही तुटलं नाही तर. रोज दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर पंचाहत्तर दिवस. गेम आला त्या दिवशी सुरू केलं तर जानेवारी उलटेल.

डिस्क घेतली तरी पहिल्या दिवशी मोठं अपडेट येतं, हे मोठ्या गेममध्ये नेहमीचं आहे. म्हणून गावात राहणाऱ्यानं कन्सोल पिशवीत घालून तालुक्याला, फायबर असलेल्या मित्राकडं एक रात्र मुक्कामाला न्यावा. अपडेट उतरवून परत आणला की कथेचा भाग घरी बसून खेळण्याइतपत सोय होते. परभणीतल्या आमच्या घरी अशा दोन पाहुण्यांचं आधीच ठरलंय.

१३. लाईट जाते. खेळता खेळता गेली तर कन्सोल खराब होईल का? इन्व्हर्टरवर चालतो का?

एकदा-दोनदा गेली तर काही होत नाही. चालू करताना तो साठवणूक तपासतो, जरा वेळ लागतो, पुढं चालतो. गेम सेव्ह होत असताना गेली तर मात्र ती सेव्ह फाइल बिघडू शकते. म्हणून आमच्याकडं नियम आहे: रेस्ट मोड, म्हणजे कन्सोल अर्धवट झोपलेला ठेवायची सोय, बंद. झोपायच्या आधी कन्सोल पूर्ण बंद करून बटण खाली. 

इन्व्हर्टरवर चालतो, पण इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा पाहिजे. जुने स्क्वेअर वेव्हवाले पंखा-बल्बला ठीक आहेत, अशा यंत्राला नकोत. पीएस५ खेळताना दोनशे वॅटच्या आसपास खातो. टीव्ही आणि पंखा धरून साडेतीनशे. १५० एएचची चांगली बॅटरी असली तर अडीच-तीन तास मिळतात. बॅटरी जुनी असेल तर तास धरा. शेताकडच्या लाइनवर व्होल्टेज वरखाली होत असेल तर आधी स्टॅबिलायझर घ्या.

आम्ही खेळलो तो काळ लोडशेडिंगचा होता. कॅफेवाला लाईट गेलेली मिनिटं वहीत लिहून ठेवायचा आणि नंतर तेवढी खेळू द्यायचा. त्या माणसाचा हिशेब कधी चुकला नाही.

१४. उन्हाळ्यात आपल्याकडं एवढं तापतं. कन्सोल टिकंल का?

पीएस५ साठी सोनीनं सांगितलेली खोलीची मर्यादा ५ ते ३५ अंश. परभणीत मे महिन्यात बाहेर ४३-४४ असतं आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. त्यामुळं एप्रिल-मेमध्ये दुपारी खेळू नका, पहाटे किंवा रात्री खेळा. कूलरची ओली हवा थेट कन्सोलवर येऊ देऊ नका, आत दमट धूळ बसते. टीव्हीच्या कपाटात बंद करून ठेवू नका, मागं वीतभर जागा सोडा. मळणीच्या दिवसांत धूळ उडते तेव्हा तो बंद असताना वरून सुती कापड टाका, चालू करताना काढा. गेम नोव्हेंबरात येतोय याचा मला या बाबतीत आनंदच आहे, आपल्याकडची सगळ्यात चांगली हवा तेव्हाची.

१५. लेकरू तेरा वर्षाचं आहे, गेमचा हट्ट धरलाय. घेऊन द्यावा का? आणि मी बारावीला लातूरला आहे, मी काय करू?

दोन प्रश्न, दोन्ही अभ्यासाच्या वयाचे, म्हणून एकत्र.

वडिलांनो, नका देऊ. जीटीए ५ ला युरोपात १८ आणि अमेरिकेत १७ वर्षांची अट होती. मालिका गुन्हेगारीची आहे, त्यात हिंसा, शिव्या, नशा, सगळं आहे. आम्ही लहानपणी खेळलो म्हणून ते बरोबर होतं असं नाही. आमच्याकडं बघायला तेव्हा कुणी नव्हतं, तुमच्या लेकराकडं तुम्ही आहात. पीएस५ वर मुलांचं वेगळं खातं करून वयाची मर्यादा लावता येते. त्याला माइनक्राफ्ट द्या, फुटबॉल द्या, गाड्यांचा शौक असेल तर फोर्झा होरायझन ५ द्या. तो २०२५ पासून पीएस५ वरही आहे. हट्ट गाड्या पळवण्याचाच असतो बहुतेकदा.

बारावीवाल्या, तुला वेगळं सांगतो. नोव्हेंबरात गेम येईल तेव्हा तुझे प्रॅक्टिकल आणि बोर्ड तोंडावर असतील, पुढं 'नीट'ची परीक्षा. आईवडिलांनी लातूरची खोली, मेस, क्लास यावर काय घातलंय ते तुला माहीत आहे. गेम मेमध्येही तोच असणार, तोवर दोन-चार अपडेट येऊन जास्त चांगला झालेला असेल. त्रास होईल तो कथा आधीच कळण्याचा. त्यासाठी गेम यायच्या आठवड्यापासून यूट्यूब आणि इन्स्टा फोनवरून काढून टाक आणि मित्रांना सांगून ठेव. आमच्या ओळखीतला एक जण हे करणार आहे. त्याची डिस्क आम्ही घेऊन, पाकीट न फोडता, कपाटात ठेवणार आहोत.

१६. तोपर्यंत काय खेळू?

मशीन साधं असेल तर जुना वाइस सिटी, तो पेंटियम ३ आणि १२८ एमबी रॅमवर चालायचा. मशीन बरं असेल तर जीटीए ५, त्याची सुधारलेली पीसी आवृत्ती ४ मार्च २०२५ ला आली आणि आधीच्या मालकांना फुकट मिळाली. आणि कथा कशी सांगतात ते बघायचं असेल तर रेड डेड २. त्यातला घोडा सावकाश चालतो म्हणून कंटाळू नका. पहिले पाच तास सहन करा, मग तो गेम सोडवत नाही.

१७. या गेमवर आपल्या देशातलं कुणी काम करायलंय का? मलाही त्यातच जायचंय.

रॉकस्टारचा स्टुडिओ बेंगळुरूत आहे, रॉकस्टार इंडिया. १९९७ पासून बेंगळुरूत चालणारी ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही कंपनीसुद्धा २०१९ मध्ये त्यांनी घेतली आणि त्यात मिळवली. म्हणजे रस्ता आहे. चित्रकला चांगली असेल तर ब्लेंडर हे थ्रीडी बनवायचं सॉफ्टवेअर शीक, ते फुकट आहे. गणित आणि कोडिंग आवडत असेल तर सी++ कडं वळ. आपल्या गावचा बसस्टँड, पाण्याची टाकी, रसवंती, हे थ्रीडीत बनवून बघ. दाखवायला काम पाहिजे असतं, नुसती आवड पुरत नाही.

१८. तुम्ही पाच जण, कन्सोल एक. आधी कोण खेळणार? प्रत्येकाची प्रगती वेगळी राहते का?

वेगळी राहते. ज्याच्या खात्यावर गेम आहे त्यानं पीएस५ च्या सेटिंगमध्ये 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू ठेवायचं. मग त्याच कन्सोलवर बाकीचे आपापल्या खात्यानं खेळतात आणि सेव्ह वेगळ्या राहतात. डिस्क असेल तर तेही करायला नको, डिस्क आत घातली की कुणीही खेळू शकतं.

पण पहिल्या रात्री आम्ही एकच सेव्ह ठेवणार आहोत आणि कॅफेतलाच नियम लावणार आहोत: पडद्यावर 'वेस्टेड' आलं, म्हणजे आपला माणूस मेला, की उठायचं, कंट्रोलर पुढच्याला. पोलिसांनी धरलं, 'बस्टेड' आलं, तर उठायचं का नाही, यावर २००६ सालापासून आमच्यात वाद आहे. नांदेडवाला म्हणतो जीव गेला नाही तर जागा सोडायची नाही. मी म्हणतो, सोडायची.